आढ्याचं पाणी वळचणीला: छत धुणाऱ्याने छताची नावं कशी शिकावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की भिंती, खिडक्या, फरशा धुण्याचं काम वर्षभर केलंत, आता छताची कामं घ्यायचीत, पण ग्राहक किंवा छप्परवाला मिस्त्री बोलायला लागला की निम्मे शब्द डोक्यावरून जातात, साठ-सत्तर शब्दांची यादी काढून पाठ करताय आणि दोन दिवसांत सगळं साफ. आधी ती यादी फेकून द्या. मी अठरा वर्षं हेच करतोय आणि मला एकही शब्द यादीतून आलेला नाही, बहुतेक सगळे चुका करून आले, आणि त्या चुका खिशाला लागल्या म्हणून शब्द पक्के बसले.

पहिलीच चूक सांगतो. सुरुवातीच्या एका कोटेशनमध्ये मी लिहिलं, "छताची कड साफ करणे". माझ्या डोक्यात कड म्हणजे गटर आणि त्याची समोरून दिसणारी बाजू, बस. ग्राहकाच्या डोक्यात कड म्हणजे गटर, गटरमागची फळी, त्या फळीखालचा भिंतीपर्यंतचा पट्टा, आणि घराच्या बाजूच्या दोन्ही तिरक्या कडासुद्धा. भांडायला तोंडच नव्हतं कारण "कड" हा शब्द मीच लिहिला होता. अख्खा दुसरा दिवस फुकट गेला, तोही सगळा शिडी हलवण्यात. त्या दिवशी कळलं की गटर, फॅशिया (गटरमागची फळी), सॉफिट (तिच्याखालचा पट्टा), ईव्ह (वळचण) आणि रेक (बाजूची तिरकी कड) या पाच वेगळ्या जागा आहेत, पाचही ठिकाणी शिडी वेगळी लागते, वेळ वेगळा लागतो, आणि म्हणून रेटही वेगळा.

आता पद्धत. आढ्याचं पाणी वळचणीला ही म्हण माहितीय ना, तेवढी धरून चाला. पावसाचा एक थेंब आढ्यावर पडला तर तो खाली जमिनीवर कसा येतो ते बघत यायचं आणि वाटेत जे जे भेटेल त्याचं नाव घ्यायचं. छताची जवळजवळ प्रत्येक वस्तू पाणी आत येऊ नये किंवा ते दुसरीकडे वळावं म्हणून बसवलेली असते, त्यामुळे नाव आणि काम एकदमच डोक्यात जातं. शिवाय आपलं धुण्याचं कामही वरून खालीच चालतं, तेव्हा क्रम तोच.

सगळ्यात वर रिज, म्हणजे आपलं आढं. दोन उतार जिथे माथ्यावर भेटतात ती आडवी रेघ. बऱ्याच घरांत आढ्यावर लांब फट ठेवून वर झाकण टाकलेलं असतं, त्याला रिज व्हेंट म्हणतात, माळ्यातली गरम दमट हवा तिथून बाहेर जाते. खालून बघितलं तर नुसतं जरा जाडसर आढं वाटतं, म्हणून नवीन माणूस फसतो आणि खालच्या बाजूने वर नोझल धरतो, मग पाणी थेट माळ्यात.

आढ्याच्या टोकापासून खाली तिरकी उतरणारी, बाहेर आलेली कड म्हणजे हिप. दोन उतार आत भेटून जी घळ तयार होते ती व्हॅली. या दोघांत सगळे गोंधळतात, मीही गोंधळायचो. उघडं पुस्तक पालथं टाकलं तर त्याचा कणा म्हणजे हिप, पाणी दोन्हीकडे फाटणार. तेच पुस्तक उताणं ठेवलं तर कणा म्हणजे व्हॅली, पाणी दोन्हीकडून गोळा होणार. व्हॅली आपल्यासाठी छतावरची सगळ्यात महत्त्वाची जागा आहे असं माझं मत, कारण पाणी गोळा होतं म्हणजे पाला गोळा होतो, पाला सडला की शेवाळ, आणि तुम्ही फवारलेलं केमिकलसुद्धा दोन्ही उतारांवरून तिथेच येतं. व्हॅलीच्या खालच्या तोंडाशी गटरमधून बाहेर उडणारं पाणी ज्या झाडांवर पडतं ती झाडं सगळ्यात आधी जळतात. सगळ्या बागेला सारखं पाणी मारत बसण्यापेक्षा वर बघून व्हॅल्या मोजा, त्यांच्याखालची आणि डाऊनस्पाऊटच्या, म्हणजे गटरमधून खाली येणाऱ्या पाइपच्या, तोंडाशी असलेली झाडं आधी भिजवा, काम चालू असताना भिजवा, नंतरही भिजवा.

मधला मोकळा उतार म्हणजे पाखं, मिस्त्री लोक त्याला फील्ड किंवा नुसतं स्लोप म्हणतात. खाली जिथे उतार संपून भिंतीच्या बाहेर येतो ती ईव्ह, आपली वळचण, जिथून पागोळ्या गळतात. आणि ज्या घराला बाजूने तिकोनी भिंत असते, ज्याला गेबल म्हणतात, त्या तिकोनाच्या तिरक्या कडेला रेक. रेकला गटर नसतं, ईव्हला असतं, एवढं लक्षात ठेवलं तरी फोनवर अर्धं कोटेशन होतं: गेबल छप्पर असेल तर साधारण दोनच बाजूंना गटर, हिप छप्पर असेल म्हणजे चारही बाजूंनी उतार असेल तर गटर चारही बाजूंना. सारख्याच मापाची दोन घरं, पण गटरची लांबी जवळजवळ दुप्पट. "घर मोठं आहे का" हे नका विचारू, "बाजूला तिकोनी भिंत दिसते का की सगळीकडून उतार आहे" हे विचारा. बाकी मॅन्सार्ड, गॅम्ब्रेल, डॉर्मर वगैरे नावं समोर आली की आपोआप शिकाल, फक्त डॉर्मर म्हणजे उतारातून बाहेर आलेली खिडकीची छोटी खोली, आणि प्रत्येक डॉर्मरमागे बहुतेक दोन छोट्या व्हॅल्या असतात, म्हणजे वेळ वाढला.

आता फ्लॅशिंग, इथे जरा थांबू. छप्पर जिथे दुसऱ्या कशाला भिडतं, भिंत, चिमणी, पाइप, स्कायलाइट (छतातली उजेडाची खिडकी), तिथे सांध्यावर जो पातळ धातूचा पत्रा बसवतात ते फ्लॅशिंग. छप्पर गळतं ते बहुतेक वेळा पाख्याच्या मध्ये नाही, इथे गळतं. तिरका उतार भिंतीला भिडतो तिथे पायऱ्यापायऱ्यांनी बसवलेले छोटे पत्रे म्हणजे स्टेप फ्लॅशिंग. त्यांच्यावरून येणारा, विटांच्या सांध्यात खोचलेला पत्रा म्हणजे काउंटर फ्लॅशिंग. चिमणीच्या खालच्या तोंडाशी असतो तो एप्रन. चिमणी रुंद असेल तर तिच्या वरच्या बाजूला पाणी तुंबू नये म्हणून छोटं आढं काढलेलं असतं, त्याला क्रिकेट म्हणतात, हो, तेच स्पेलिंग, खेळाशी काही संबंध नाही, काहीजण सॅडल म्हणतात. पाइपभोवतीचा रबराचा गळपट्टा म्हणजे बूट, उन्हाने हा तडकतो, काम सुरू करण्याआधी प्रत्येक बुटाचा जवळून फोटो काढा.

आणि एक छोटासा तुकडा आहे, किकआउट. उतार भिंतीला लागून खाली येतो आणि भिंत त्याच्यापुढेही जाते, अशा ठिकाणी स्टेप फ्लॅशिंगवरून आलेलं पाणी भिंतीत न शिरता गटरमध्ये पडावं म्हणून तळाशी बाहेर वाकवलेला पत्रा. तळहाताएवढा असतो. एका घरी भिंतीवर गटरच्या टोकाखाली तपकिरी ओघळ होता, मी धुतला, स्वच्छ झाला, ग्राहक खूश. चार महिन्यांनी परत तसाच. मी परत धुतला, तोही फुकट. तिसऱ्या वेळी एका छप्परवाल्याने बोट दाखवलं, किकआउटच नाही, पाणी वर्षानुवर्षं सायडिंगच्या, म्हणजे भिंतीवरच्या बाहेरच्या आवरणाच्या, मागे जातंय, आतलं लाकूड सडलंय. मी दोनदा तिथे शिडी लावली होती, ती जागा हातभर अंतरावरून बघितली होती, पण नाव माहीत नव्हतं म्हणून तिथे काहीतरी असायला हवं हेच माहीत नव्हतं. नावं शिकायची ती यासाठी, जे नाही आहे तेसुद्धा दिसायला लागतं.

फ्लॅशिंगची एक गंमत तुम्ही पाहिली असेल. काळवंडलेल्या शिंगलच्या (ओळीओळीने ठोकलेल्या डांबरी चकत्यांच्या) छतावर चिमणीच्या खाली किंवा एखाद्या पत्र्याच्या खाली स्वच्छ पट्टा उतरलेला दिसतो, जणू तेवढंच कोणी धुतलंय. ते जस्त किंवा तांब्याचे कण पावसाबरोबर खाली येतात आणि तिथे वाढ होत नाही म्हणून. ग्राहक विचारतो की "इथे काळं का नाही", तेव्हा हे सांगता आलं की त्याचा तुमच्यावरचा विश्वास एकदम वाढतो, आणि आढ्याखाली जस्ताची पट्टी का लावतात तेही त्यातच समजतं.

तो काळेपणा म्हणजे तरी काय, तेही शब्द लागतात. डांबरी शिंगलवरचे काळे ओघळ ही धूळ नाही, बुरशीही नाही, ग्लिओकॅप्सा मॅग्मा नावाचा सायनोबॅक्टेरिया आहे, बोलताना सगळे अल्गी म्हणतात, चालतं. शिंगलमध्ये भर म्हणून चुनखडीची पूड असते, ती त्याला मानवते. मॉस म्हणजे गादीसारखं हिरवं शेवाळ, ते ओल धरून ठेवतं आणि शिंगलची कड उचलतं. लायकेन म्हणजे दगडफूल, चिकटलेले राखाडी-हिरवट गोल ठिपके, बुरशी आणि शैवाल एकत्र राहतात. लायकेन खरवडून काढू नका, त्याच्याबरोबर ग्रॅन्यूल निघून येतात. त्याला मारायचं आणि सोडायचं, पावसाने हळूहळू गळतं, त्याला महिने लागतात, आणि हे काम घेतानाच सांगायचं, नंतर सांगितलं तर कारण दिल्यासारखं वाटतं.

ग्रॅन्यूल म्हणजे शिंगलवरची ती बारीक खडी. उन्हातल्या अतिनील किरणांपासून डांबराला तीच वाचवते. प्रेशर वॉशरने शिंगल धुतलं की हीच खडी गटरमध्ये वाळूसारखी येऊन बसते आणि छताचं आयुष्य तुम्ही स्वतःच्या हाताने धुऊन टाकलेलं असतं. म्हणूनच अमेरिकेतली अस्फाल्ट रूफिंग मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन, शिंगल बनवणाऱ्यांचीच संघटना, शिंगलवर प्रेशर वॉशर नको म्हणते. त्यांची शिफारस घरगुती कपड्याच्या ब्लीचचं आणि पाण्याचं निम्मं-निम्मं मिश्रण, १५ ते २० मिनिटं ठेवायचं, मग कमी दाबाच्या पाण्याने नीट धुवायचं. सॉफ्टवॉश म्हणतात तो हाच विचार. काम सुरू करण्याआधीच गटरमध्ये किती खडी पडलीय त्याचाही फोटो घ्या, नाहीतर ती तुमच्या नावावर.

शिंगलचे आणखी दोन शब्द, एक्स्पोजर आणि सील स्ट्रिप. प्रत्येक ओळ खालच्या ओळीवर चढलेली असते, जेवढी उघडी दिसते ते एक्स्पोजर, बाकी झाकलेलं. वरच्या ओळीच्या खालच्या कडेखाली डांबराची चिकट पट्टी असते, तीच सील स्ट्रिप, उन्हाने तापून ती ओळी एकमेकींना चिकटवते. वारा आणि खालून मारलेलं पाणी ही पट्टी सोडवतात. एकदा सुटली आणि धूळ बसली की परत नीट चिकटत नाही. वरून खाली धुवायचं, वळचणीचं पाणी आढ्याकडे न्यायचं नाही, म्हण इथे शब्दशः लागू.

कौलाचं छप्पर असेल तर मुख्य प्रश्न पाय कुठे ठेवायचा. कौलाचा खालचा भाग दुसऱ्या कौलावर टेकलेला असतो, तिथे पाय द्यायचा, मधोमध खाली पोकळ असतं, तिथे दिला की कटकन आवाज येतो आणि त्या आवाजाचे पैसे तुम्ही भरता. गोल कौलांत खालचं पाणी वाहून नेणारं ते पॅन आणि वरून झाकणारं ते कव्हर. वळचणीच्या पहिल्या ओळीत कौलांच्या तोंडाशी पक्षी शिरू नयेत म्हणून जी अडण असते ती बर्ड स्टॉप. ती तुटलेली किंवा नसलेली दिसली तर मागे घरटं असू शकतं. पत्र्याच्या छतावर स्क्रूंची रांग दिसली की तिच्याखाली आडवी पट्टी, पर्लिन, आहे, चालायचं तर त्या रांगेवरून. स्क्रू दिसतच नाहीत, नुसत्या उभ्या कडा आहेत, तर ते स्टँडिंग सीम. जुना सिमेंटचा राखाडी पत्रा असेल तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, धुवायचा नाही, घासायचा नाही, पाय तर मुळीच नाही, काम सोडून द्यायचं. पत्र्यातल्या प्लॅस्टिकच्या उजेडाच्या पट्ट्या आणि स्कायलाइट, यांच्यावर माणसं पडून मेलेली आहेत, त्या भागाचं नाव छत नाहीच, भोक आहे असं समजा.

सपाट छताचा शब्दकोश वेगळाच, तो लवकर उरकतो. कडेची भिंत पॅरापेट, तिच्या माथ्यावरचं झाकण कोपिंग, भिंतीतून पाणी बाहेर काढणारं भोक स्कपर, मधल्या जाळीखाली ड्रेन, आणि वर पसरलेली रबरी किंवा प्लॅस्टिकची चादर म्हणजे मेंब्रेन. पाऊस थांबून ४८ तास झाले तरी साचून राहिलेल्या पाण्याला पाँडिंग म्हणतात, तो उताराचा दोष, सफाईने जात नाही. स्कपर बंद असेल तर मात्र तो आपल्या कामाचा.

परत थेंबाकडे. पाखं उतरून तो ड्रिप एजवर येतो, म्हणजे कडेला खाली वाकवलेला पत्रा, तिथून गटरमध्ये. गटर ज्या उभ्या फळीला ठोकलंय ती फॅशिया. फॅशियाच्या खालून भिंतीपर्यंत जी आडवी पट्टी जाते ती सॉफिट, वळचणीखाली उभं राहून मान वर केली की दिसते ती. सॉफिटला बारीक भोकं किंवा जाळ्या असतील तर तिथून माळ्यात हवा शिरते आणि रिज व्हेंटमधून बाहेर जाते. सॉफिटवर खालून सरळ फवारा मारला की माळ्यातलं इन्सुलेशन ओलं. लांबून, तिरका, हलका हात.

गटरचे तुकडे सोपे: टोकाचं झाकण एंड कॅप, आतून धरणारा हँगर, खाली जाणारा पाइप डाऊनस्पाऊट, वाकण एल्बो. गटरच्या समोरच्या बाजूला उभे काळे पट्टे येतात त्यांना टायगर स्ट्राइप म्हणतात, साध्या साबणाने जात नाहीत, वेगळं केमिकल आणि वेगळा रेट. बोट फिरवून बघा, पांढरी पूड आली तर तो रंगच पिठाळतोय, ऑक्सिडेशन, जोराने घासलं तर पट्टे कायमचे. "गटर साफ" असं कोटेशनमध्ये लिहायचं नाही, "गटर आतून" किंवा "गटर बाहेरून" असं लिहायचं. हा मला सगळ्यात जास्त वाचवणारा शब्दप्रयोग आहे.

उतार म्हणजे पिच. १२ इंच आडवं गेलं की किती इंच वर चढतं, त्यावर मोजतात. ४/१२ म्हणजे सुमारे १८ अंश, ६/१२ म्हणजे २६ च्या पुढे, ८/१२ जवळजवळ ३४, १२/१२ म्हणजे ४५. लेव्हलपट्टी आडवी धरून एक टोक छताला टेकवा, तिथून १२ इंचाच्या खुणेपासून खाली छतापर्यंतचं अंतर मोजा, झालं. ६/१२ च्या वर मी स्वतः दोरी-हार्नेसशिवाय पाय ठेवत नाही, आणि ओल्या छतावर तर त्याहून कमी उतारालाही नाही, ब्लीच मारलेलं शेवाळ साबणासारखं निसटतं. शक्य असेल तिथे शिडीवरूनच फवारा. शिडीही चारास एक, म्हणजे चार फूट उंचीला तळ एक फूट बाहेर, आणि वरचं टोक वळचणीच्या तीन फूट वर.

क्षेत्रफळाला छप्परवाले स्क्वेअर म्हणतात, एक स्क्वेअर म्हणजे १०० चौरस फूट छत, जमिनीवरचं नाही. घर ४० बाय ३०, वळचण सगळीकडून एक फूट बाहेर, म्हणजे ४२ गुणिले ३२, १,३४४. पिच ६/१२ असेल तर त्याला १.११८ ने गुणा, साधारण १,५०० चौरस फूट, म्हणजे १५ स्क्वेअर. ४/१२ ला १.०५४, ८/१२ ला १.२०२, १२/१२ ला १.४१४. सगळीकडे पिच सारखा असेल तर गेबल असो की हिप, उत्तर तेच येतं, खोटं वाटलं तर कागदावर करून बघा. नवीन लोक जमिनीचं माप धरून रेट देतात आणि मग केमिकल पुरत नाही म्हणून पाणी वाढवतात, आणि डाग जात नाहीत म्हणून परत यावं लागतं.

छताच्या आतले शब्द, वासे, रिपा, डेकिंग (शिंगलखालचा फळ्यांचा थर), अंडरलेमेंट (त्या फळ्यांवरची पाणी अडवणारी चादर), हे ओळखीपुरते पुरे. फक्त चालताना पायाखाली छत मऊ लागलं, दबलं, तर खालचं डेकिंग कुजलंय, तिथून आल्या पावली मागे, आणि ग्राहकाला लगेच फोन.

सराव कसा करायचा ते सांगतो, यादीपेक्षा बरा आहे. रस्त्याच्या पलीकडून एका घराचा फोटो काढा, फोनमध्येच त्यावर बोटाने आढ्यापासून रेघा ओढत नावं लिहा, रोज एक घर. दहा घरं झाली की शब्द तोंडात बसतात. मग कामावर फोटोबरोबर एक ओळ लिहायची सवय लावा, अशी: "मागचं पाखं, चिमणीची वरची बाजू, काउंटर फ्लॅशिंग डाव्या टोकाला सुटलेलं, धुण्याआधी." जागा, वस्तू, काय झालंय, कधी. माझ्यावर एकदा आरोप आला की धुतल्यापासून चिमणीजवळ गळतंय. नुकसानभरपाईचं बोलणं सुरू झालं होतं. मी ही एवढीच ओळ आणि तो फोटो पाठवला. त्यांच्या छप्परवाल्याने वाचलं, वर जाऊन बघितलं, आणि खाली उतरून ग्राहकाला सांगितलं की हे जुनंच आहे, याचा धुण्याशी संबंध नाही. त्याच्या आदल्या वर्षी मी तिथे "चिमणीजवळ पत्रा खराब" असं लिहिलं असतं, आणि कुठला पत्रा यावरच अर्धा तास गेला असता.